पौषातले दुखणे आणि घरचा मुदपाक : प्रस्तावना

पाककलेवरील मराठी ग्रंथांची परंपरा आता दीडशे वर्षांच्या घरात आली आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली छापले गेले. पुढे १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ हा ग्रंथ आला, आणि १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने तर नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींच्या कित्येक पिढ्यांना हाताशी धरले. या ग्रंथांचे ऋण मनोमन मान्य करूनच असे म्हणावयाचे आहे की, पाकग्रंथाचा स्वभावच असा आहे की त्यात पदार्थ एकेकटा येतो. त्याचे साहित्य, त्याचे प्रमाण, त्याची कृती, आणि मग दुसरा पदार्थ. परंतु ज्या सकाळी घरातल्या चौदा माणसांपैकी पाच तापाने अंथरुणावर पडलेली असतात, तीन नुकती उठून भिंतीला टेकून बसू लागलेली असतात, आणि उरलेल्यांना शेत, शाळा वा कचेरी चुकलेली नसते, त्या सकाळी चुलीवर पहिले भांडे कोणते चढवावे, हा प्रश्न पाककृतीचा राहत नाही, तो कारभाराचा होतो. आणि प्रस्तुत पुस्तक त्या कारभाराविषयी आहे.

हा विषय मला नाशिक जिल्ह्यातील गोदाकाठच्या खेड्यांत, म्हणजे निफाड-सिन्नरच्या टापूत, अगदी जवळून पाहावयास मिळाला. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. काही वर्षी तेथील पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. मार्गशीर्ष सरून पौष लागला की दारे-खिडक्या संध्याकाळपासूनच लागतात, माजघरात एका ओळीने अंथरुणे पडतात, आणि एकाच गोधडीत दोन-दोन, तीन-तीन नातवंडे आजीच्या कुशीत शिरतात. या जवळिकीतूनच दुखणे पसरते. फ्लूच्या विषाणूचा शरीरात प्रवेश झाल्यापासून ताप चढेपर्यंत साधारणतः एक ते चार दिवस जातात, आणि ज्याला ताप येणार तो लक्षणे प्रकट होण्याच्या आदल्या दिवसापासूनच इतरांना दुखणे देऊ लागतो. त्यामुळे मोठ्या घरात हा आजार सर्वांना एकदम गाठत नाही, तर पाळीपाळीने गाठतो. शाळेतून ताप घेऊन आलेला मुलगा ज्या दिवशी ‘भूक लागली’ म्हणून उठून बसतो, नेमक्या त्याच दिवशी त्याच्या काकूचे अंग मोडून येते, आजोबांचा खोकला छातीत उतरू लागतो, आणि धाकटी सून, जिने आतापर्यंत सर्वांना पाणी दिले, ती कपाळाला रुमाल बांधून भाकऱ्या थापीत असते. एकाच छपराखाली आजाराच्या निरनिराळ्या अवस्था एकाच वेळी नांदत असतात, आणि प्रत्येक अवस्थेची भूक वेगळी असते. खरी अडचण आहे ती ही.

या अडचणीचे उत्तर आपल्या प्राचीन वैद्यकाने फार पूर्वी शोधून ठेवले आहे, असे माझे मत या विषयाचा अभ्यास करताना उत्तरोत्तर दृढ होत गेले. शोधनकर्मानंतर मंदावलेला जठराग्नी पूर्वपदावर आणण्यासाठी आयुर्वेदाने अन्नाची एक चढती श्रेणी सांगितली आहे. भाताचे नुसते गाळीव पाणी तो मंड. त्याच पाण्यात थोडी शिते उतरली म्हणजे पेया. शिते अधिक आणि द्रव अगदी बेताचा अशी विलेपी. तिच्या जोडीला मुगाचा यूष, प्रथम साधा आणि पुढे मीठ, सुंठ, स्नेह घालून संस्कारलेला. आणि शेवटी नेहमीचे अन्न. प्रमाणेही ठरलेली आहेत: मंडाला तांदळाच्या चौदापट पाणी, यवागूला, म्हणजे दाटसर पेजेला, सहापट, विलेपीला चौपट. वैद्याच्या दृष्टीने ही एका रोग्याची अनेक दिवसांची चढण आहे. परंतु मोठ्या घराची गृहिणी त्याच श्रेणीकडे निराळ्या नजरेने पाहू शकते, कारण तिच्या घरात त्या चढणीच्या प्रत्येक पायरीवर आजच्या आज कोणी ना कोणी उभे असते. म्हणून तिला चार पदार्थ चार वेळा रांधावयाचे नाहीत. एकाच तपेल्यातून चार पायऱ्या काढावयाच्या आहेत.

ते कसे, याचा तपशील पुस्तकात यथास्थित आला आहे. परंतु पुस्तकाचा सारा भार ज्या रीतीवर आहे तिची रूपरेषा येथेच द्यावी हे बरे. जुना तांदूळ कोरडाच, रंग न बदलेल इतपत भाजून घ्यावा, जाड बुडाच्या मोठ्या तपेल्यात भरपूर पाण्यात पहाटे चढवावा, आणि दुसऱ्या चुलीवर अख्खे मूग, तेही किंचित भाजून, जिरे व सुंठीच्या तुकड्यासह शिजत लावावेत. तांदूळ मऊ झाला की तपेले न ढवळता खाली उतरवून जरा स्थिर होऊ द्यावे आणि वरचे पाणी ओगराळ्याने काढून घ्यावे. चिमूटभर मीठ घातलेले हे पाणी तापात असलेल्यांसाठी. मग उरलेले ढवळून त्यातील अर्धी पेज काढावी, ती ज्यांचा ताप उतरू लागला आहे परंतु जिभेला अजून चव नाही त्यांच्यासाठी. तिच्यात मुगाच्या भांड्यावरचे निवळ कढण मिसळावे. तळाशी राहिलेला दाट भात पळीने घोटून त्यावर साजूक तूप आणि मेतकूट घातले की तो गुरगुट्या भात उठून बसलेल्यांचा झाला; या वेळी एखादी मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याची फोड वर्ज्य करू नये, कारण रुचीचा मार्ग पुष्कळदा त्या फोडीतूनच मोकळा होतो. आणि कढण काढून घेतल्यावर जे मूग राहिले त्यांना लसूण-मिरचीची फोडणी दिली की बाजरीच्या भाकरीबरोबर निरोगी माणसांची उसळ तयार होते. फोडणी मात्र सर्वांत शेवटी, वेगळ्या भांड्यात, आणि रोग्यांच्या खोलीकडचे दार लोटून घेऊन द्यावी. मिरचीच्या ठसक्याने खोकणाऱ्याला जी उबळ येते ती पाहिल्यावर हा नियम पुन्हा सांगावा लागत नाही. दोन चुली, दोन भांडी आणि एक फोडणी, एवढ्यात चौदा माणसांची एक वेळ निभावते.

येथे प्रांतभेदाचा विचार आवश्यक आहे. गोव्यात आणि दक्षिण कोकणात उकड्या तांदळाची पेज हे निरोगी माणसाचे नित्याचे अन्न आहे. आजारपणात तीच पेज पुढे आली तर तेथील माणसाला आपले काही हिरावून घेतले असे वाटत नाही. परंतु देशावर ज्याचा देह बाजरी-ज्वारीवर पोसला आहे, त्याच्यापुढे तीन दिवस तांदळाचे पाणीच ठेवले तर तो ते औषध म्हणून गिळतो, अन्न म्हणून स्वीकारीत नाही. अशांसाठी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून पातळ ताकात कालवाव्यात, किंवा हुलग्याचे माडगे द्यावे. ज्या अन्नाची देहाला सवय आहे त्याला वैद्यकात सात्म्य म्हणतात, आणि पथ्य ठरविताना सात्म्याचा विसर पडला तर उत्तम पथ्यही ताटात तसेच राहते. मराठवाड्यातील आणि खानदेशातील अनेक वृद्ध स्त्रियांनी या बाबतीत मला जे सांगितले ते मी पुस्तकात त्यांच्याच रीतीने नोंदविले आहे.

लंघनाविषयी मात्र माझे मत काहीसे आग्रही आहे, आणि ते येथे स्पष्टपणे मांडणे मी कर्तव्य समजते. ताप चढत असताना भूक मरते, आणि त्या एक-दोन दिवसांत अन्नाचा आग्रह धरू नये, हे आपले जुने धोरण शहाणपणाचे आहे. परंतु ताप हा शरीराच्या खजिन्यावरचा वाढीव खर्च आहे. अंगातील उष्णता एक सेल्सियस अंशाने वाढली की देहाची ऊर्जेची मागणी सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढते, आणि घाम व जलद श्वास यांवाटे पाण्याचाही क्षय होतो. म्हणून अन्नाला विश्रांती दिली तरी पाण्याला देता येत नाही. मंड, कढण, साळीच्या लाह्यांचे पाणी, आमसुलाचे सार, पातळ ताक, गवती चहा आणि आले घातलेला कोमट काढा, यांपैकी जे उतरेल ते थोडे थोडे, दर अर्ध्या-पाऊण तासाने, न विचारता पुढे करावे. ‘काही घेता का?’ असा प्रश्न तापकऱ्याला विचारला तर उत्तर बहुधा नकाराचेच येते; वाटी हातात दिली तर ती रिकामी होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली लिहिलेल्या शुश्रूषेवरील आपल्या पुस्तकात रोग्याच्या आहाराला दोन प्रकरणे दिली, आणि त्यांत अन्न कोणते याच्या आधी अन्न कसे आणि केव्हा द्यावे याचा विचार केला. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. अन्नाचा तुटवडा नसलेल्या घरातही रोगी उपाशी राहू शकतो, ही त्यांची चिंता आपल्या वाड्यांतूनही तितकीच खरी आहे.

ज्यांना लंघन मुळीच लागू नाही अशी माणसेही प्रत्येक मोठ्या घरात असतात. मधुमेहावरील गोळ्या वा इन्सुलिन घेणारे आजोबा उपाशी राहिले तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली येऊ शकते. त्यांच्या औषधाचे प्रमाण डॉक्टरांना विचारल्याशिवाय अन्न बंद करणे हा प्रमाद आहे. सहा महिन्यांच्या आतील बाळाला अंगावरचे दूध हेच अन्न आणि हेच पाणी. आईला ताप आला म्हणून ते तोडण्याची जी चाल अजून काही घरांत आहे ती सोडली पाहिजे, आईने हात धुऊन, तोंडाला फडके बांधून बाळाला पाजावे. वर्षाच्या आतील मुलाला खोकल्यासाठी मध चाटवू नये. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन देऊ नये. या चार गोष्टी वडीलधाऱ्यांना पटवून देणे घरातल्या तरुण सुनेला अवघड जाते, म्हणून मी त्या पुस्तकात ठळक अक्षरांत छापविल्या आहेत. तिने बोलण्याऐवजी पान उघडून पुढे ठेवावे.

आता बंदोबस्ताकडे वळते. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत मुदपाकखाना हा एक स्वतंत्र कारखाना होता, आणि त्याचा हिशेब, त्याची कोठी, त्याची माणसे ही सर्व नेमून दिलेली असत. राजवाड्याच्या स्वयंपाकाला जी शिस्त आवश्यक वाटली ती आजारी घराला त्याहून अधिक आवश्यक आहे, कारण येथे चूक झाली तर तिची किंमत दुर्बळ देहाला द्यावी लागते. बेगमी दिवाळीनंतर लगेच करावी: जुना तांदूळ, मूग, सुंठ, पिंपळी, ज्येष्ठमध, मेतकुटाचे भाजके, साळीच्या लाह्या, आमसुले आणि तापमापक यांनी एक फळी वेगळी भरून ठेवावी. दुखणे सुरू झाल्यावर माजघराच्या भिंतीवर एक फर्द लावावी; तीत प्रत्येक रोग्याचे नाव, तापाचा आकडा, कोणी केव्हा काय प्यायले, लघवी झाली की नाही, औषध कोणत्या वेळी दिले, याची नोंद जो देईल त्यानेच करावी. अशी फर्द नसली म्हणजे एकाच मुलाला आई आणि आत्या अशा दोघींकडून तापाची गोळी दोनदा जाते, आणि कोपऱ्यातल्या मुक्या स्वभावाच्या म्हातारीला दुपारपर्यंत कोणी पाणीच विचारीत नाही.

रोग्यांची वाट्या-फुलपात्री वेगळी असावीत व कढत पाण्याने धुवावीत. त्यांची अंथरुणे शक्य तर एकाच खोलीत, परंतु एकमेकांपासून दूर असावीत, आणि थंडी कितीही असली तरी दिवसातून काही काळ त्या खोलीची खिडकी उघडी राहावी. बंद खोलीत उबेसाठी कोळशाची शेगडी ठेवून झोपणे हे तर प्राणावर बेतणारे आहे. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होऊ देत नाही. शेकायचे असेल तर ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकावे, आणि शेगडी अंगणात ठेवावी.

बंदोबस्ताचा पुरुषांशी संबंध नाही अशी जी समजूत आहे तिच्याविषयी मला खेद वाटतो. पाणी तापविणे, बंब भरणे, कपडे उकळणे, रात्रीची जाग, औषधाची ने-आण आणि फर्दीवरची नोंद, यांतील एकाही कामाला स्त्रीचाच हात लागतो असे नाही. ज्या घरांत ही कामे पुरुषांच्या नावावर स्पष्टपणे लिहून दिली गेली त्या घरांत ती उत्तम रीतीने पार पडलेली मी पाहिली आहेत. ‘जमेल तसे करा’ असे मोघम सांगितले तेथे ती पुन्हा त्याच एका बाईच्या पदरात पडली.

त्या बाईविषयी लिहिण्यासाठीच वस्तुतः मी हे पुस्तक हाती घेतले. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत असे तेथे म्हटले आहे, ते म्हणजे उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. इतक्या प्राचीन काळी शुश्रूषा करणाऱ्याला वैद्याच्या आणि औषधाच्या पंक्तीला बसविले गेले, ही गोष्ट थोर आहे. परंतु एक पाय मोडला तर चौरंग जसा कलंडतो, तसा परिचारिका पडली तर सगळा उपचार कलंडतो, आणि तिच्या देहाची तजवीज कोणी करावयाची हे आपल्या घरांनी कधी लिहून ठेवले नाही.

याचे भयंकर प्रत्यंतर १९१८ साली आले. त्या वर्षी इन्फ्लुएन्झाची पहिली लाट जूनमध्ये मुंबईत उतरली आणि दुसरी, कितीतरी अधिक मारक, सप्टेंबरात उसळली. ६ ऑक्टोबर या एका दिवशी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. पाऊस हुकलेला, धान्य महाग, आणि देशावरच्या खेड्यांत घरेच्या घरे अंथरुणाला खिळलेली. त्या साथीत हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक प्रमाणात दगावल्या, आणि घरची शुश्रूषा व अपुरे अन्न ही त्याची कारणे मानली गेली. स्वतः तापात असताना त्या रांधीत होत्या, पाणी भरीत होत्या, आणि जेवणाची पाळी सर्वांच्या शेवटी घेत होत्या. त्याआधी दोन दशके, पुण्याच्या प्लेगात, रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी अंत झाला. त्यांच्या त्यागापुढे आपण नतमस्तक होतो, परंतु त्यांच्या मागे ज्या असंख्य स्त्रिया आपापल्या माजघरात अशाच गेल्या त्यांचा मृत्यू कोणत्याही दप्तरात सेवा म्हणून रुजू झाला नाही. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने परिचारिकांच्या शिक्षणाचा पाया घातला, शुश्रूषेला विद्येचा आणि व्यवसायाचा दर्जा दिला. तो दर्जा घरातल्या शुश्रूषेपर्यंत मात्र अजून पोहोचलेला नाही. रुग्णालयातील परिचारिकेची पाळी संपते, तिच्या जागी दुसरी येते. घरातील बाईची पाळी संपत नाही.

म्हणून या पुस्तकाचे पहिले प्रकरण रोग्याच्या पथ्याचे नाही. ते शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीच्या जेवणाचे आहे. सकाळी पहिली भाकरी तिची. रोग्यांना वाटी देण्याआधी तिने बाजरीची भाकरी, लोणी, गूळ, हाताशी असेल तर उसळ किंवा अंडे, आणि हिवाळ्यात मुबलक मिळणारे आवळा, पेरू वा संत्रे यांपैकी काही खाल्लेले असावे. दुपारी दोन तास तिची झोप, आणि त्या दोन तासांचा पहारा दुसऱ्या कोणाच्या नावावर. तिला ताप आला तर त्याच क्षणी चुलीचा ताबा दुसऱ्याकडे, मग त्या दिवशी भाकऱ्या जाड झाल्या, वाकड्या झाल्या तरी चालतील. हा क्रम काही वाचकांना, विशेषतः वाचकिणींना, स्वार्थी वाटेल याची मला कल्पना आहे. आधी इतरांना वाढून मग आपण बसावे या संस्कारात मीही वाढले आणि त्यातील माया मला पूज्य आहे. परंतु चौदा माणसांची वाटी जिच्या हातून भरते तिचा हात थरथरू लागला तर ती माया कोणाच्याच पोटात जाणार नाही.

घरच्या उपचाराची हद्द कोठे संपते हेही प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस दिले आहे. श्वास भराभर चालणे वा बरगड्यांखाली खड्डा पडणे, ओठ निळसर दिसणे, मूल पाणीही न घेणे वा झोपेतून नीट न उठणे, आठ-दहा तास लघवी न होणे, वृद्ध माणसाला एकाएकी भ्रम पडणे, आणि उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा जोराने चढणे, यांपैकी काहीही दिसले तर पेज आणि काढा बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. गर्भवती स्त्रिया, तान्ही बाळे आणि दम्याचे वा हृदयाचे रोगी यांच्या बाबतीत तर वाट पाहूच नये. फ्लूची लस दरवर्षी थंडीपूर्वी कोणी घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. वृद्धांच्या बाबतीत तिचा उपयोग मोठा आहे.

पुस्तकातील कृती दहा माणसांच्या हिशेबाने दिल्या आहेत, कारण एकत्र कुटुंबे आता पूर्वीइतकी मोठी उरली नसली तरी सणावारी, सुट्टीत वा एखाद्या लग्नानंतर तेवढी माणसे एका घरात सहज जमतात, आणि दुखणे नेमके तेव्हाच येते. माणसे कमी असल्यास तांदूळ व मूग त्या मानाने कमी करावेत. पाणी मात्र त्याच मानाने कमी करू नये, कारण लहान भांड्यातले पाणी त्याच्या प्रमाणात अधिक आटते आणि पेजेऐवजी भात होऊन बसतो. चार माणसांपर्यंतच्या स्वयंपाकासाठी पाण्याचे वेगळे कोष्टक दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटी जोडले आहे. प्रथम ते पाहून मगच तपेले चढवावे.